वजनकाटा

साडेबाराच्या सुट्टीला दहा मिनिटं होती.
सोहारच्या उन्हात भिंतीवरचा कॉम्प्रेसर
हात लावला तर कातडी ठेवून घेत होता.
शिडीचा एक पाय वाळूत रुतला
आणि मी उभाच्या उभा खाली आलो,
दोन्ही पायांवर, मांजरासारखा.
शौकत परकार म्हणाला, वा, काय उतरलास!
मग मी बसलो तो उठलोच नाही.

हॉस्पिटलात मनगटाला पट्टी:
पद्माकरचा बद्माकर झालेला.
अरबीत प नाही, शौकतनं सांगितलं,
तू आता बदमाशांच्या यादीत.
हसताना कंबर दुखली
म्हणून कमरेचाही फोटो काढला. ती शाबूत.
उजवी टाच मात्र पडद्यावर
डॉक्टरांनी फिरवून फिरवून दाखवली:
खारी बिस्किटावर कुणी बसावं, तशी.

कधी कापणार?
सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्या की.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
मी सुरकुत्यांची वाट पाहिली.
अकरा दिवस पाय उशांच्या ढिगावर, जावयासारखा.
शौकत रोज वाकून बघायचा,
आलं का रे म्हातारपण?
बाराव्या दिवशी आलं.

एक पट्टी, सात स्क्रू.
टाच आणि टाचणी इतक्या जवळच्या
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.
बँकेची टाच होडीवर येते
हे मात्र वडिलांच्या वेळी कळलं होतं.
तेव्हाच तर इथं आलो.

घरी सांगितलं, पाय मुरगळलाय.
व्हिडिओत छातीपासून वरचाच मी.
बारा आठवडे टाच जमिनीला लावायची नाही.
कॅम्पात माझी खाट वरची;
धनबहादूरनं न बोलता खालची दिली,
स्वतःचं अंथरूण वर फेकलं.
पोटात रोज एक सुई, रक्त गोठू नये म्हणून.
रात्री कुबड्या घसरून पडायच्या,
सगळी खोली जागी व्हायची,
कुणी काही म्हणायचं नाही.
त्याचंच जास्त लागायचं.

फिजिओथेरपीची बिन्सी, कोट्टयमची.
म्हणाली, हवेत अंगठ्यानं एबीसीडी काढा.
म्हटलं, माझी अक्षरं वेगळी.
मग ती काढा, घोटा फिरल्याशी मतलब.
क निघाला. द ला कळ आली.
त्या कळेतला ळ काढताना
घोटा दोन्हीकडे वळला, डोळ्यांत पाणी.
हा कोणता?
ळ.
हा तर आमच्याकडेही आहे, ती म्हणाली,
आणि जीभ टाळ्याला लावून म्हणून दाखवला,
माझ्यापेक्षा गोल.
तेव्हापासून रोज वीस ळ.

तेराव्या आठवड्यात तिनं भिंतीशी वजनकाटा ठेवला,
शेजारी त्याच उंचीचा पाट.
डावा पाटावर. उजव्यानं दाबा. दहावर थांबा.
दहा किलो, म्हणजे तांदळाची एक पिशवी.
माझ्याच टाचेवर मला
तेवढंच उभं राहायची परवानगी.
पुढच्या आठवड्यात वीस.
पस्तीसला ओरडलो.
ओरडा, म्हणाली, पण पाय काढू नका.

वाळूत अजून डगमगतो.
सकाळची पहिली पाच पावलं
अजून दुसऱ्याच कुणाचीतरी.
कंपनीनं स्टोअरला बसवलंय. शिडी समोरच असते.
आम्ही बोलत नाही.

परवा डावा उचलून धरला,
भिंतीला एक बोट,
काट्यावर फक्त उजवा, मोज्यातला.
त्रेसष्ट.
फोटो काढून घरी पाठवला.
थोड्या वेळानं उत्तर:
वजन उतरलंय. जेवता ना?
मग, फोडणी देऊन आली असावी,
पुन्हा:
अहो, दुसरा पाय कुठाय?