मागच्याचं पीठ

माही चक्की सुरू असली का
गावात कोनी हयू बोलत नाई.
पट्टा फिरते, टीन थरथरते,
अन् बाया-मानसं आपापलं मत
बोंबलून सांगतात.
खारपानपट्ट्यातलं गाव हे. इथी
पानी तोंडात धरवत नाई,
मत काय धरवन!

शायेत नवा मास्तर आला, कोल्हापूरकडचा.
माह्या पोट्टीले मने, 'शाया' नाई, 'शाळा' मन.
पोट्टी घरी येऊन सांगते,
आई, आज शायेत 'शाळा' शिकवली.

ळ-शी माहं भांडन नाई.
असन बिचारा चांगल्या घरचा.
पन आमच्या तोंडात त्याचा पाय टिकत नाई.
गुणवंत इंगये आधार कार्डावर इंगळे हाये.
बँकेतल्या बाईनं तीनदा पुकारलं, 'इंगळे, इंगळे,'
अन् हा खुर्चीवर बसून
इकडे तिकडे पाहे,
कोन हाये बावा, उठत काऊन नाई?

दिवाईपासून मास्तरही 'काऊन' मन्ते.
मी त्याले काई बोलली नाई.

क्रिकेट मले पटत नाई.
दिवसभर उन्हात उभं रायनं,
थे त मी इथी सावलीत करते,
कोनी टाया वाजवत नाई.

चहात साखर किती, असं जो इचारते,
त्याच्या घरचा चहा चांगला नसते.
हे मी पारखलेलं हाये.

कॅरममधलं मले येकच समजते.
नुसती राणी घेऊन भागत नाई,
तिच्यामांगं येक सोंगटी घ्या लागते,
नाई त राणी परत बोर्डावर.
औंदा सरपंचपद बाईले सुटलं.
बेबीनंदा गावंडे निवडून आली
अन् शिक्का गेला नवऱ्याच्या खिशात.
मी मनलं, घ्या,
राणी बी घेतली, कव्हर बी घेतलं.

हेच मी त्या दिवशी सांगून राह्यली होती.
हप्परमधी शांताबाई भटकरचे गहू,
पट्टा रंगात आलेला,
अन् मी तिच्या कानाशी तोंड नेऊन पूर्ण ताकदीनं,
'थो बेबीनंदाचा नवरा मंजे निरा—'

लाइन गेली.

'—बैल हाये!'
येवढंच उरलं.
चक्कीत. ओट्यावर. थेट पानठेल्यापर्यंत.

दारात बेबीनंदा उभी, काखेत जवारीचा डबा.

शांताबाईनं पदर तोंडाले लावला.
पीठ हवेतून खाली बसाले लागलं,
पापन्यांवर, तराजूवर, माह्या जिभेवर बी.

बेबीनंदा आत आली, डबा ठेवला.
मने, 'बैल त कामाचा असते, बाई.'
अन् चुंगडीवर बसली.

लाइन येते का नाई, कोनाले ठाव.
तिघी बसून राह्यलो.
बारा वर्सं झाली चक्कीले,
पन भिंतीवरच्या घड्याईचा
आवाज येते, हे मले तवा समजलं.

बऱ्याच येयानं तिनं कमरेची पिशवी सोडली.
आत गोल डबीत शिक्का.
'आंघोयीले गेला होता,' मने.
कोनाले आयकू जाईन असं नाई बोलली,
कोनाले जाऊ नाई असंही नाई.

'आता?' मी इचारलं.
'आता जवारी दयून दे. जाड.
अकरा वाजता ग्रामसेवक येते.'

लाइन आली. सारं टीन थरथरलं.
शांताबाईचे गहू सपले, जवारी ओतली.
तिनं डबा खाली लावला तशी
मी बोंबलली, 'थांब! पयलं मूठभर
मागच्याचं येते! बाजूले काढू का?'

ती बी बोंबलली,
काय, थे आयकू आलं नाई.
डबा मात्र तिनं हालवला नाई.