पंधरा मीटर, कोरडे

ग्दिनियाच्या बंदरामागे, दोरखंडांच्या जुन्या गोदामाशेजारी
एक पांढरी लोखंडी कोठी आहे.
रोज दहाला आम्ही सहा जण तिच्यात बुडतो,
अंगाला पाण्याचा थेंब न लागता.

आधी झडती. लायटर, कंगवा, ओठांची लाली;
हाताला चोळलेलं क्रीमसुद्धा बोझेना पुसून काढते.
"प्राणवायू आहे बाई, त्याला निमित्तच हवं असतं."

दार लागतं. हवा दाटते, तापते.
कानांना दडे बसतात.
"आवंढा गिळा," बोझेना म्हणते,
आणि सहाही जण गिळतो,
जणू प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं.

माझा आवंढा उजवीकडेच वाजतो.
डावा कान एका मंगळवारी गेला.
पियानो जुळवत होते, वरच्या सप्तकातली तार,
ती अर्ध्यावर विझली.
मी पियानोलाच दोष दिला.
आता एका कानाने ऐकते,
सोडून द्यायला दुसरा नाही.
सगळं आत साठत जातं.

समोर विंत्सेन्ती.
चाळीस वर्षं जहाजं बंदरात आणणारा पायलट.
गळ्याला भोक, म्हणून मास्क नाही,
डोक्यावर पारदर्शक टोप,
बरणीत घातल्यासारखा.
किरणांनी गाठ जाळली,
जाता जाता जबड्याचं हाडही.
पाटीवर लिहितो: तेविसावी बुडी. हाड हट्टी आहे.

मध्ये पाच मिनिटं सुट्टी, साधी हवा.
मास्क उतरवून आम्ही बोलतो,
दाट हवेत सगळे नाकातून, बदकासारखे.
विंत्सेन्ती पोट धरून हसतो,
बिनआवाजाचा.
आज त्याच्याइतकं आम्हा कुणाचंच बरं चाललेलं नाही.

मग तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसतो
आणि बाकावर पेन्सिल आपटतो.
रोज आपटतो. मी रोज मान हलवते: नाही.

काल मी वळले.
त्याने पेन्सिल हवेतच धरली.
ते कानातून आलं, की बाकातून, हाडांवाटे?
माहीत नाही. डॉक्टरांच्या आलेखात
दोन ठिपके जरासे वर सरकलेत,
तेही म्हणतात, बघू.

वर येताना कोठी गार पडते, धुकं धरतं.
कुणाला कुणी दिसत नाही.
धुक्यात विंत्सेन्तीचा हात तेवढा,
सवयीने उचललेला:
डावीकडे. सावकाश.