एक चहा बाकी

शताब्दी समितीला यादी हवी आहे
नामवंत माजी विद्यार्थ्यांची.
प्राचार्यांच्या खोलीतल्या तसबिरी उतरवल्या,
मागची कोळिष्टकं काढली,
तेव्हा कुणीसं म्हणालं,
कॅन्टीनवाल्या लोटलीकरांकडे जुनी वही आहे म्हणे.

आहे.
तीन आहेत. लाल कापडाच्या, पाठीला दोरा.
पहिलीत आजोबांची मोडी, मला अर्धीच लागणारी;
दुसरीत बाबांचं बाळबोध, प्रत्येक र गाठ मारल्यासारखा;
तिसरी माझी, तिच्यात बॉलपेन गळतं.

मडगावच्या या टेकडीवर रिवाज पुष्कळ.
पहिल्या वर्षाच्या मुलांनी जिन्याची मधली पायरी तुडवायची नाही;
कारण ज्याला त्याला वेगळं माहीत.
परीक्षेच्या आदल्या दिवशी घंटेच्या दोराला शिवायचं,
ओढायचं नाही.
पण आमच्या खिडकीवरचा सगळ्यांत जुना:
शेवटच्या दिवशी सारा हिशेब चुकता करायचा
आणि वर एक चहा प्यायचा. तो मांडायचा.
"एक च्या बाकी दवर," म्हणायची
कोट घालून आलेली मुलंसुद्धा.
बाकी असली की माणूस परत येतो.

एस्कुदो गेले, रुपये आले,
आधी मुंबईचं विद्यापीठ, मग इथलं,
चहा महागला फक्त.

तर यादी.

पुंडलीक कुंकळ्येकार, न्यायाधीश. एक चहा.
शिवाय चार पातळभाज्या, मित्राच्या नावावर ढकललेल्या.
समासात बाबांचं अक्षर: खाल्ल्या कुणी ते ठाऊक आहे.

इश्मेनिया फुर्तादो. मोझांबिकात शाळा काढली.
सत्तावीस वर्षांनी टपालानं एक नाणं पाठवलं,
इथं कुठंच न चालणारं.
बाबांनी ते पानाला चिकटवलं,
नावावर काट मारली नाही.
टपालानं आलं म्हणजे आली नव्हे, म्हणाले.

उल्हास वेरेकर, मंत्री, साडेतीन महिने.
फोटोवाला घेऊन आले, शंभराची नोट ठेवली.
मी म्हटलं, सुटे नाहीत.

जुझे मिंगेल तुमच्या यादीत नसेल.
दुसऱ्या वर्षाला तीनदा बसला, मग बोटीवर भटारी झाला.
बोट मुरगावला लागली की खिडकीशी हजर.
जुना चहा चुकवायचा, नवा प्यायचा,
नवा मांडायचा.
चाळीस वर्षं त्याची बाकी एकच.

आणि गुलाब गावकर, काणकोणची.
कुठं गेली, काय झाली, वहीला माहीत नव्हतं.
गेल्या चतुर्थीनंतर तिचा मुलगा आला.
आई शेवटी सगळी नावं विसरली, म्हणाला,
माझंही.
पण मडगावात एक चहा द्यायचा आहे, हे रोज सांगायची.
त्यानं भाव विचारला.
मी पान काढलं: पंधरा पैसे.
ते आता कुणाच्या खिशात असतात?
तो तसाच उभा, हातात दहाची नोट.
मी कप भरून पुढे केला.
तो इथं शिकला नव्हता.
तरी मांडला.

समितीचे लोक चांगले आहेत.
वह्या काचेत ठेवू म्हणतात, वर दिवा लावू,
खाली माहितीची पाटी.
पहिल्या दोन न्या, म्हटलं.
तिसरी चालू आहे.

परवा शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली,
खांद्याला सॅक, तिच्यावर कुलूपकिल्लीएवढी चांदीची मासळी.
खिडकीवरच्या चौकोनावर मोबाइल धरला,
पैसे टुणकन गेले.
मग तिथंच घुटमळली.

"काका, यात बाकी कशी ठेवतात?"

मी वही उघडली
आणि गळकं पेन तिच्यापुढे सरकवलं.