हातचा एक

लेअर गावात, बेकरीच्या वर, माझं दोन खुर्च्यांचं ऑफिस.
मार्च लागला की लोक जिना चढतात
बुटांची खोकी घेऊन.
खोक्यांत बूट नसतात.

ओक्को यान्सेन नेहमी दिवसाची शेवटची वेळ घेतो.
वृद्धाश्रमात रात्रपाळीचा नर्स, हातांना औषधी साबणाचा वास.
पावत्या महिन्यागणिक, कपड्यांच्या चिमट्यांत.
ही पद्धत गेशेची.

"घर ते एम्डेन किती?"
"एकतीस. जाऊन-येऊन बासष्ट."
"एकतीसच लिहायचे. कायदा जाणं मोजतो,
येणं मोजत नाही."
हे मी दरवर्षी सांगते. पूर्वी तो हसायचा,
आणि गेशे म्हणायची, मग हा घरी येतो कशाला?
या खेपेला त्यानं नुसता आकडा लिहिला.

पांढरे बूट धरले. त्यांचे तळ कामावरच झिजले.
काळा कोट गेल्या खेपेलाच नाकारला होता;
तो कुठल्याही दिवशी घालता येतो, असं नियम म्हणतो.
छपराची दुरुस्ती: कौलं सोडायची, मजुरी धरायची,
तीही बँकेतून दिली असेल तरच.
रोख पैशाला इथे कुणी ओळख देत नाही.
चार युरो इथून, अकरा तिथून, मी वेचत जाते.
ज्याचं त्याला द्यावं, पण आपलं मागताना
ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?

जूनच्या चिमट्यात माळ्याचं बिल.
"मजुरी वेगळी लिहून घेतलीय," तो म्हणाला,
धडा पाठ असलेल्या मुलासारखा.
मी पत्ता वाचला. दफनभूमी, ओळ नऊ.
अंगणात लावलं असतं तर चाललं असतं, मी म्हटलं,
कबर घराच्या हद्दीत येत नाही.
"येत नाही," तो म्हणाला.
विचारत नव्हता.

मग खिशातून जानेवारीची पगारपट्टी.
"यात चूक आहे. पगार तोच, हातात कमी."

चूक नव्हती.
शाळेत बेरीज करताना हातचा धरतात ना,
तसं सरकारनं गेशेला धरलं होतं.
ती गेली नोव्हेंबरात. त्यापुढचं आख्खं वर्ष
कोष्टकात ही दोघं दोघंच राहिली,
एका मिळकतीचे दोन वाटे, दोन्हींवर हलका कर.
एवढी माणुसकी कायद्यात आहे, तारीख घालून.
एकतीस डिसेंबरच्या रात्री हातचा संपला.

हे इतकं नीट मला सांगता आलं नाही.
"वर्ग तीन होता, वर्ग एक झाला," म्हटलं,
आणि पेन्शनचा हप्ता वाढवला तर
थोडं वाचेल, असं काहीबाही.

तो पट्टीकडे बघत बसला.
खाली बेकरीचं शटर पडलं.
"म्हणजे गेलं वर्षभर," तो म्हणाला,
"त्यांच्या लेखी मी एकटा नव्हतो."
"नव्हतात."
"मला कुणीतरी सांगायला हवं होतं."

परतावा निघाला सहाशे चाळीस युरो.
त्यानं मान हलवली, रिकामं खोकं परत मागितलं,
चिमटे मोजले. अकरा.
बारावा टेबलाखाली सापडला.
कुठल्या महिन्याचा, कोण जाणे;
चिमट्यांवर काही लिहिलेलं नसतं.