डावी बाजू

वैतीबाईंनी गुंडाळी सोडली काउंटरवर
आणि माझ्याच वस्तू दाबून ठेवल्या कोपऱ्यांवर:
टेप, कटर, खिळ्यांचा डबा, चहाचा रिकामा ग्लास.

चित्रात स्वयंपाकघर.
मिसळणाचा डबा उघडा, हळदीच्या वाटीत गवत.
फ्रिजच्या दारातून तिवराची मुळं
आणि सिंकमध्ये एका पायावर उभा रोहित पक्षी,
नळ ठिबकतोय त्याच्या पाठीवर.
ओट्यावर बिबट्या बसलाय,
आमच्या बोक्यासारखा, पंजे पोटाखाली घेऊन,
दूध उतू जायची वाट बघत.
बाई पाठमोरी, भेंडी चिरतेय.
तिच्या गाऊनवर त्याचे ठिपके,
की त्याच्या अंगावर गाऊनचे,
चष्मा पुसूनही कळलं नाही.

चरईत बावीस वर्षं मी
देवांना, दिवंगतांना, पदव्यांना चौकटी घालतोय.
विचारलं, काच साधी लावू की नॉन-ग्लेअर?
म्हणाल्या, काच नको. आणि तीनच बाजू करा.
डावी मोकळी.
म्हटलं, बाई, टिकायची नाही,
पावसाळ्यात पीळ पडतो लाकडाला.
पडू दे, म्हणाल्या. येऊरकडनं तो
डावीकडूनच येतो.
बुजवली, तर जायचा कुठून?

सिलिंडरवाला दुपारी येतो म्हणावं
तशा म्हणाल्या.

कावेसरला, सतराव्या मजल्यावर,
टांगायला मीच गेलो.
मिस्टर मॅच बघत होते.
'जरा उजवीकडे घ्या,' एवढंच बोलले,
चित्राकडे न बघता.
लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला,
तरी चित्र डावीकडे कललेलं वाटत राहिलं.
प्यालेल्या पाण्याचा ग्लास ठेवायला आत गेलो.
ताटात चिरलेली भेंडी.
दुधाच्या पातेल्यावर झाकण,
झाकणावर वरवंटा.
मी काही विचारलं नाही.
त्यांनी पैसे मोजून दिले,
चौथ्या बाजूचे वजा करून.

पण सवयीने मी चारच पट्ट्या कापल्या होत्या.
सागाची ती चौथी दुकानात
भिंतीला टेकून उभी असते,
दोन्ही टोकं पंचेचाळीस अंशांत कापलेली,
कशाशीच न जुळणारी.
दोन गिऱ्हाइकांनी मागितली. नाही दिली.

परवा झाडताना पोरगा म्हणाला,
बाबा, हिच्यावर हे ओरखडे कसले,
चार-चार, खालपर्यंत?

म्हटलं, रंधा सटकला असेल.