जुनंच नाव

दुकानदार म्हणाला, चार अँटेनावाला न्या, काकी,
सिडकोच्या भिंती जाड.
मी दोनवाला घेतला.
आठशेचा फरक, आणि घरात माणसं किती!

जोडायला घणसोलीचा प्रज्योत आला.
तळहातावर नारळ धरून पाणाड्या फिरतो
तसा घरभर फोन धरून फिरला.
फ्रीजवर नको, पत्रा रेंज खातो म्हणे.
शेवटी पॅसेजमध्ये,
चपलांच्या कपाटावर.

मागच्या खोलीत एकच दांडी येतेय. तिथं कोण असतं?
कपडे वाळत घालते, म्हटलं.

नवीन नाव काय देऊ?
जुनंच दे.
पासवर्ड?
तोही जुनाच. हा घे, कॅलेंडरच्या मागं लिहिलाय.
काकी, यात स्पेलिंग चुकलंय.
माहितीये. हेरंबनं घाईत एक अक्षर खाल्लं होतं.
खाल्लेलंच राहू दे.

दिवे हिरवे झाले. पोरगा चहा न घेताच गेला,
कोपरखैरण्यात अजून तीन घरं होती.

रात्री बघितलं, किती फोन जोडलेत.
एक.

कधी आलाच तो,
बेल न वाजवता उभा राहिला जिन्यात,
तर निदान त्याच्या फोनला
काही विचारावं लागणार नाही.