मुगवड्यांची केस

दारावर खडूनं: "मैना भोयर, गुप्तहेर.
मु. पो. बोरगव्हाण, तालुका मोर्शी.
फी एक मूठ बोरं. उधारी बंद."

शेवंतामावशीच्या टिनावरून
गेल्या म्हणे मुगवड्या चार.
मैना शिडीवर. डोळ्याला दुर्बीण :
पपईचं देठ, आरपार.

ठसे? होते. बोटाएवढे.
साक्षीदार? बोकड. गप्प.
"नमुना तपासा लागते," म्हणे,
अन् एक वडी तोंडात, खप्प!

सकाळी नमुना, दुपारी नमुना,
ताज्या पुराव्याले तोड नाही.
शेजारून खार गेली, गाल फुगवून,
मैनेनं मान वळवली नाही.

सांजेला मावशीनं मोजल्या:
"पोरी, चारच्या झाल्या अठरा!"
मैनेनं वहीत लिहिलं, गंभीर :
"चोर लय चालू. गावाले खतरा."

मग शिडी उतरता उतरता :
"केस उघडीच. उद्या येतो.
मावशी, चटणी ठेवजा जरा."